चुकलेल्या नेमाचा शर्ट

बर्फावरचं रक्त बघून हरणाला गोळी कुठे लागली हे सांगणारी माणसं आमच्या भागात पैशाला पासरी आहेत. फेसाळ गुलाबी असलं तर फुप्फुस, दाट काळपट असलं तर यकृत, हिरवट घाण मिसळलेली असली तर पोट. एवढं शाळेतली पोरंही सांगतात. रेइनो साल्मेला गोळी मारणाऱ्याबद्दलही सांगायचा. उभा होता का बसला होता, घाई केली का, गोळी सुटल्यावर किती वेळ तिथेच उभा राहिला, सगळं. लोक म्हणायचे, हा चर्चमध्ये पाद्री व्हायच्या लायकीचा होता, पण तोंडात शिव्या फार, म्हणून राहिलं.

दिसायला काही खास नाही. एकसष्ट वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा. डाव्या हाताची दोन बोटं ओंडके ओढायच्या तारेने खाल्लेली. बोलणं कमी आणि राग नाकावर. आमच्याकडे जंगलात काम करणारी निम्मी माणसं अशीच असतात, तेव्हा त्याचं कोणाला कौतुक नव्हतं.

बाप तांब्याच्या खाणीत मेला तेव्हा रेइनो सात वर्षांचा होता आणि थोरला भाऊ तौनो सोळाचा. आई आधीच गेलेली. तौनोने धाकट्याला कुणाच्या दारात टाकलं नाही. लाकूडतोड्यांच्या तळावर बरोबर नेलं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं आणि चुकला की फोडून काढलं. दोन्ही गोष्टी अगदी मनापासून केल्या. एकदा पोराने कुऱ्हाड ओली ठेवली, पात्याला गंज धरला. तौनोने त्याच कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याला असं बडवलं की दोन दिवस बसता आलं नाही. तिसऱ्या दिवशी हाच तौनो वीस मैल चालत गेला आणि पोरासाठी लोकरीचे अस्तर असलेले बूट घेऊन आला. असल्या माणसाचं काय करायचं? रेइनोने जन्मभर त्याचं ऐकलं.

पुढे रेइनो मोठा झाला, युद्धात तीन वर्षं परदेशात काढून आला. तिथलं त्याने घरी कधी चकार शब्दाने सांगितलं नाही. आल्यावर दोघा भावांनी दलदलीच्या काठावर ओंडक्यांची एक खोली बांधली. झोपायला फळ्यांचे चार बंक, लोखंडी चूल, मागे वाफेने घाम काढायची सौना. आमच्याकडे याला कॅम्प म्हणतात, आणि नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो तेव्हा, जो माणूस आपल्या कॅम्पवर नसतो तो आजारी तरी असतो नाहीतर तुरुंगात. त्या आठवड्यात कोणी लग्न ठेवत नाही. मयताची माणसंसुद्धा घाईत असतात.

प्रत्येक कॅम्पचे आपले कायदे असतात. साल्मेलांच्या कॅम्पवर दोन होते आणि दोन्ही तौनोने केलेले. पहिला गमतीचा: ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि आढ्याला ठोकायची. हा रिवाज सगळीकडेच आहे. दुसरा कायदा गमतीचा नव्हता. हरणाला गोळी लागली, तर त्याच्या मागे जायचं. ते मरेपर्यंत किंवा अंधार पडेपर्यंत जायचं, आणि अंधार पडला तर सकाळी पुन्हा जायचं. तोवर जेवायचं नाही. जखमी जनावर जंगलात टाकून जो परत येईल त्याने बंदूक उचलायची आणि पुन्हा कधी तोंड दाखवायचं नाही.

हा कायदा एकदाच मोडला होता. मोडणारा होता लिओ बोड्री.

लिओ रेइनोचा मेव्हणा, पण ते नातं नंतरचं. त्याआधीपासून दोघे एकाच करवतीच्या दोन टोकांना होते, सगळी मिळून चौदा वर्षं. दोन माणसांनी ओढायची ती लांब करवत ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. समोरच्याचा श्वास कधी सुटतो हे आपल्या मनगटाला कळावं लागतं, नाहीतर पातं अडकतं, आणि एखाद्या दिवशी झाड अंगावर येतं. लिओच्या बहिणीशी, अडेलशी, रेइनोचं लग्न झालं तेव्हा तळावरची माणसं म्हणाली होती, अर्धं लग्न आधीच झालं होतं, उरलेलं आता लागलं.

एकोणसाठ साली हंगामाच्या पहिल्या दिवशी लिओ दुपारी परत आला आणि म्हणाला, नेम चुकला. सगळे हसले, शर्ट कापला. लिओही हसला, जरा जास्तच. दोन दिवसांनी रेइनोला ओढ्याच्या काठी तो नर सापडला. गोळी पोटात लागलेली. कोल्ह्यांनी त्याला मागून खायला सुरुवात केली होती, आणि बर्फ ज्या तऱ्हेने उकरला गेला होता त्यावरून रेइनोला स्पष्ट दिसलं की ते खात असताना जनावर जिवंत होतं, पुढच्या दोन पायांवर सरकत होतं. चाळीस हात सरकलं होतं. त्याचे डोळे उघडे होते.

रेइनोने जाऊन तौनोला सांगितलं. तौनोने लिओला अंगणात बोलावलं, सरपणाच्या ढिगातून बर्चचं एक लाकूड उचललं आणि रेइनोला म्हणाला, "धर त्याला."

रेइनोने धरलं. मागून, दोन्ही दंडांखाली हात घालून. तौनोने पहिला तडाखा बरगड्यांवर दिला, दुसरा मांडीवर. तिसऱ्याला लिओचा उजवा कोपर मध्ये आला. तो आवाज रेइनोच्या छातीपर्यंत पोचला, इतकं त्याने लिओला घट्ट धरलं होतं. कॅम्पचा आचारी आणि विदूषक विल्फ ट्रेगिअर दारात पीठ लागलेल्या हातांनी उभा होता. नंतर त्यानेच लिओला गाडीत घातलं.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. लिओची करवत सुटली ती कायमची. त्याने गावात पेट्रोल पंप घेतला आणि डाव्या हाताने लोकांच्या काचा पुसत राहिला. अडेलने त्या दिवशी नवऱ्याला एकच विचारलं, "तू मारलंस?"

"नाही. मी फक्त धरलं."

तेव्हापासून दर वर्षी रेइनोने कॅम्पची पिशवी भरायला घेतली की ती आपली पिशवी भरायची आणि आठवडाभर भावाकडे जाऊन राहायची. लिओ मात्र रेइनोच्या घराची पायरी पुन्हा चढला नाही. गावात समोरासमोर आले तर तो मान हलवायचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाला हलवतात तशी.

रेइनोने सव्वीस वर्षं स्वतःची समजूत घातली. कायदा होता, लिओने मोडला. कायदा सगळ्यांना सारखा. लिओच्या जागी मी असतो तर तौनोने मलाही तसंच मारलं असतं, आणि त्या जागी तौनो असता तर आम्ही त्यालाही. या शेवटच्या वाक्यावर त्याची झोप अवलंबून होती, असं म्हटलं तरी चालेल. ते खोटं ठरलं असतं तर रेइनोने आपल्या जिवाभावाच्या माणसाचा हात नुसता भावाच्या लहरीखातर मोडू दिला असता.

आणि पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात ते वाक्य पणाला लागलं.

त्या वर्षी कॅम्पवर चौघे होते. तौनो, आता सत्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र पूर्वीसारखाच. रेइनो. म्हातारा जाडा विल्फ. आणि रेइनोची मुलगी सिग्ने, बत्तीस वर्षांची, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवणारी. बाईमाणसाला कॅम्पवर घ्यायला तौनोने बरीच वर्षं खळखळ केली होती. शेवटी सिग्नेनेच त्याला विचारलं होतं, "काका, तुमचा ट्रक खड्ड्यात गेला तेव्हा कोणी ओढून काढला?" तेव्हा त्याने बंक दाखवला.

पहाटे उजाडता उजाडता तौनोच्या बाजूने एक बार ऐकू आला. एकच. साडेनऊला तो कॅम्पवर आला, बूट झटकले आणि चुलीपाशी बसत म्हणाला, "चुकला."

विल्फच्या हातातली पिठाची परात राहिली तशीच. तौनो साल्मेलाचा नेम चुकला! आढ्याला एकतीस शेपट्या होत्या, त्यांत तौनोची एकही नव्हती.

"उभे राहा नवरदेव," विल्फ कात्री परजत म्हणाला, "चाळीस वर्षं वाट बघतोय मी या मुहूर्ताची. वळा तिकडे. अरे देवा, काय तो बोंगा! तंबू होईल यातून."

"काप मुकाट्याने."

"काका, ओवाळणी काय घालणार?" सिग्ने म्हणाली.

तौनो हसला. लाल चौकटीच्या लोकरी कापडाचा तुकडा विल्फने दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, त्यावर कोळशाने नाव घातलं आणि खिळा मारला. रेइनोही हसत होता. पण तौनोने कॉफीचा मग तोंडाला लावला तेव्हा त्याचं लक्ष गेलं की भावाच्या उजव्या गुडघ्यावर ओलं वर्तुळ आहे. चुकलेल्या गोळीपुढे गुडघे टेकायचं काय कारण, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

साडेदहाला तो तौनोच्या जागेकडे गेला, ते निव्वळ हावेपोटी. चुकलेला नर कुठल्या दिशेला गेला ते बघावं, जमलं तर दलदलीच्या पलीकडून गाठावा.

तौनोच्या बसायच्या जागेपासून साठ पावलांवर हरणाच्या उडीच्या खुणा होत्या. तिथे बर्फ विस्कटलेला होता, बुटाने ओढून सारवल्यासारखा. रेइनोने हातमोजा काढला आणि वरचा बर्फ बोटांनी बाजूला केला. खाली पांढरे आखूड केस, हनुवटीखालचे. लाल चिकट लाळ. आणि दाण्याएवढा एक दात, मुळाला हाडाची चकती लागलेली.

बाजूलाच गुडघ्याचा खड्डा होता. त्याच्या भोवती तौनोचे बूट मागे पुढे फिरलेले, एकाच जागी बराच वेळ. तौनोने हे सगळं पाहिलं होतं. गुडघा टेकून पाहिलं होतं, मग उठून बुटाने झाकलं होतं, आणि मग जाऊन शर्ट कापून घेतला होता.

रेइनो तिथेच बर्फात बसला. मग उठला आणि मागावर लागला.

जबडा फुटलेलं हरीण लवकर मरत नाही. त्याचे पाय शाबूत, फुप्फुस शाबूत, फक्त खाता येत नाही, पिता येत नाही. आठ आठ दिवस फिरतं आणि मग उपाशी मरतं. रक्तही फार सांडत नाही, तीस पावलांवर एखादा थेंब, एखाद्या फांदीला लाळेची लाल तार. रेइनो चार तास गेला. सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीत, गुडघाभर काळ्या पाण्यात, पडलेल्या झाडांखालून सरपटत. दोनदा बर्फाचा पापुद्रा फुटून मांडीपर्यंत आत गेला. वाटभर तो तौनोला शिव्या घालत होता, अशा की ज्या तौनोनेच त्याला शिकवल्या होत्या.

दुपारी अडीचला त्याला तो दिसला. आठ टोकांच्या शिंगांचा नर, बीव्हर प्राण्यांनी झाडं पाडून अडवलेल्या पाण्याच्या काठी उभा. खालचा जबडा एका बाजूच्या कातडीवर लोंबत होता. तो मान खाली घालून पाणी प्यायचा प्रयत्न करत होता आणि पाणी तसंच लाल होऊन खाली गळत होतं. पुन्हा मान घालायचा, पुन्हा गळायचं.

रेइनोने खांद्याला बंदूक लावली. त्याने घाई केली. गोळी मानेत लागायची ती पाठीत लागली. नर मागच्या बाजूने कोसळला आणि पुढच्या पायांनी ओढत पाण्यात जाऊ लागला. दुसरी गोळी ओल्या बंदुकीत अडकली. रेइनोने बंदूक फेकून दिली, धावत जाऊन नराच्या अंगावर पडला आणि शिंग धरून मान मुरगाळली. एक खूर त्याच्या मांडीत असा बसला की पँट फाटून रक्त आलं. तुटक्या तोंडातून जनावर ओरडत होतं, तान्ह्या मुलासारखं, आणि गरम रक्ताची लाळ त्याच्या तोंडावर उडत होती. त्याने कंबरेचा सुरा काढला आणि गळ्यात खुपसला. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मुठीपर्यंत गेला. तरी ते बराच वेळ लाथा झाडत राहिलं, आणि रेइनो त्याच्या मानेला मिठी मारून म्हणत राहिला, "मर रे, मर, मर बाबा आता."

मेल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे पोट फाडून आतडी काढली, धूड काठावर ओढून ठेवलं. मग लोंबणारा जबडा सुऱ्याने कापून कोटाच्या खिशात घातला.

माग सगळा वळशांचा होता; सरळ वाटेने कॅम्पवर पोचला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आत विल्फच्या पेस्टींचा, मांस आणि बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांचा, वास सुटला होता. तौनो बंकवर पाय पसरून बसला होता, सिग्ने बंदूक पुसत होती. रेइनो दारातून सरळ टेबलापाशी गेला आणि जबडा पेस्टींच्या थाळ्यात टाकला.

विल्फ म्हणाला, "अरे, अन्नावर..." आणि मग त्याने रेइनोचं रक्ताने माखलेलं तोंड पाहिलं.

"हा तुझा चुकलेला नेम," रेइनो म्हणाला.

तौनोने जबड्याकडे पाहिलं. "माझा कशावरून? जंगलात काय मी एकटा आहे?"

"तुझ्या गुडघ्याचा खड्डा आहे तिथे. बर्फ ओढलास ना वरून बुटाने? माझ्यापासून लपवायला निघाला होतास? माझ्यापासून?"

"आवाज खाली कर."

"पाणी पीत होतं ते, तौनो. पिता येत नव्हतं तरी पीत होतं."

तौनोने पाय खाली घेतले. "माझ्याने चालवत नाही दलदलीत. कळलं? दोनशे पावलं गेलो की छातीत कळ येते. समाधान झालं?"

"मला सांगायचंस. मी गेलो असतो."

"तुला सांगायचं? तुला मी चालायला शिकवलं रे! तुझ्यापुढे हात पसरू, की बाबा माझं जनावर शोधून आण?" तौनोचा आवाज चढला. "आणि शर्ट दिला ना मी? सगळ्यांसमोर दिला. तुम्ही खिदळलात. आणखी काय पाहिजे तुला?"

लिओनेही शर्ट दिला होता. रेइनोच्या डोक्यात राख गेली ती या एका वाक्याने. त्याने चुलीशेजारच्या ढिगातून लाकूड उचललं.

"विल्फ," तो म्हणाला, "धर त्याला."

विल्फ जागचा हलला नाही. "नको रे रेइनो. सत्तर वर्षांचं म्हातारं आहे."

"लिओ चौतीस वर्षांचा होता! त्याला धरायला नाही लाजलो आपण! धर म्हणतो ना!"

त्याने लाकूड डोक्यावर उगारलं. तेवढ्यात मागून दोन हात त्याच्या दंडांखाली शिरले आणि त्याला आवळलं. सिग्ने. तिच्या मनात एवढंच होतं की बापाने काकाला मारून टाकू नये. पण ट्रकचं चाक फिरवणारे हात ते, रेइनोला सुटता येईना. आणि समोर तौनोने, भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, ढिगातलंच दुसरं लाकूड दोन्ही हातांनी उचललं आणि फिरवलं.

गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पण तो कसा असतो हे आतून रेइनोनेच ऐकलं. त्याला पडता येत नव्हतं, कारण पोरीने धरलं होतं. हात वर नेता येत नव्हता, तोंड चुकवता येत नव्हतं, समोर भावाचे डोळे दिसत होते आणि लाकूड पुन्हा वर जात होतं. त्या अर्ध्या क्षणात त्याला लिओच्या पाठीमागे उभं राहून जे कधी दिसलं नव्हतं ते सगळं समोरून दिसलं.

"काका!" सिग्ने किंचाळली आणि तिने हात सोडले. रेइनो खाली कोसळला. तौनोच्या हातातलं लाकूड गळून पडलं. तो बंकवर बसला आणि सगळ्या जन्मात पहिल्यांदा लोकांसमोर रडू लागला. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही.

सिग्नेने बापाला ट्रकमध्ये घातलं. "बाबा, मला माफ कर, मी तुला सोडवायला... म्हणजे त्यांना..." तिला वाक्य जुळेना. "हॉस्पिटल पाऊण तासावर आहे, दम धर."

"आधी लिओकडे घे."

"वेड लागलंय का तुला? हाड वर आलंय!"

"लिओकडे घे म्हटलं ना."

पंप आणि त्याला लागून असलेलं लिओचं घर वाटेवरच होतं. संध्याकाळचा शेवटचा उजेड बर्फावर होता तेव्हा त्यांनी गाडी उभी केली. अडेल दारात आली, नवऱ्याचा खांदा आणि रक्ताने वाळलेला चेहरा पाहून तिने तोंडावर हात धरला, पण तिने काही विचारायच्या आत लिओ मागून आला. वाकडा हात पोटाशी, डाव्या हातात फडकं. सव्वीस वर्षांत दोघे इतक्या जवळ उभे राहिले नव्हते.

"तौनोने जनावर टाकलं," रेइनो दातावर दात धरून म्हणाला. "गोळी लागली होती. त्याला माहीत होतं. चुकला म्हणून सांगितलं, शर्ट दिला. मी मारायला गेलो त्याला. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" लिओ म्हणाला. "मी सांगितलं होतं?"

रेइनोने मोडका खांदा दुसऱ्या हाताने सावरला.

"हे बघ," लिओ म्हणाला, "माझा नर मीच टाकला होता. अंधाराला भ्यालो, थंडीला भ्यालो. कोल्ह्यांनी त्याला जिवंत खाल्लं ते माझ्यामुळे. तौनोच्या माराबद्दल मी त्याला कधी बोल लावला नाही. मारतोय तर मारू दे म्हणून मी अंगणात उभा होतो. उभा होतो ना मी, रेइनो? स्वतःच्या पायांनी बाहेर आलो होतो ना?"

"हो."

"मग तू मागून येऊन कशाला धरलंस?"

"वाटलं, तू पळशील."

"कोणाला वाटलं? तौनोला?"

रेइनो म्हणाला, "मला."

"चौदा वर्षं करवतीच्या दुसऱ्या टोकाला होतो मी तुझ्या," लिओ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण अडेलने मान फिरवली. "झाडं पडताना, तारा तुटताना. तुझी बोटं गेली तेव्हा. कधी पळालो?"

रेइनो ट्रकच्या दारावर कपाळ टेकून रडला. मोडलेल्या हाडामुळे त्याला नीट रडताही येत नव्हतं, हुंदका आला की कळ मस्तकात जायची आणि तो गुरासारखा ओरडायचा. लिओ बघत उभा राहिला. मग त्याने फडकं खांद्यावर टाकलं, दार उघडलं आणि आत चढून मेव्हण्याच्या शेजारी बसला. "हा असा झोके खात गेला तर हाड फुप्फुसात घुसेल," तो सिग्नेला म्हणाला. "चल. हळू घे, पण थांबू नकोस."

त्याने रेइनोच्या पाठीमागून हात घातले, सरळ हात एका दंडाखालून, वाकडा दुसऱ्या दंडाखालून, आणि त्याला छातीशी आवळून धरलं. रस्ता ओंडक्यांच्या ट्रकांनी फोडून ठेवलेला. पहिल्याच खड्ड्याला रेइनोच्या तोंडून किंकाळी फुटली.

"सोड," तो म्हणाला. "लिओ, दुखतंय रे. सोड मला."

लिओने सोडलं नाही.